एक्सएसएलटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्सएसएलटी ही भाषा हौसेनं शिकणारे थोडे. बहुतेकांच्या ती गळ्यात पडते: जुन्या प्रकल्पात कुणीतरी लिहून ठेवलेली दोन हजार ओळींची फाइल सापडते, तिच्यात एक छोटासा बदल करायचा असतो, आणि तो बदल काही केल्या होत नाही. खालचे प्रश्न मुख्यतः अशा माणसांचे आहेत. टॅगांची नावं देवनागरीत आणि 'एक्सएसएल' हा उपसर्ग गाळून दिली आहेत.

एक्सएसएलटी नेमकी कशासाठी आहे?

एक्सएमएल, म्हणजे टॅगांत बांधलेल्या मजकुराच्या स्वरूपातला एक दस्तऐवज घ्यायचा आणि त्यातून दुसरा दस्तऐवज तयार करायचा, एवढ्यासाठी. दुसरा दस्तऐवज एचटीएमएल असू शकतो, वेगळ्या रचनेचं एक्सएमएल असू शकतो किंवा साधा मजकूर. भाषेची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. त्याच दिवशी एक्सपाथ १.० आली. दस्तऐवजातला हवा तो भाग कसा शोधायचा हे एक्सपाथ सांगते आणि सापडलेल्या भागाचं काय करायचं हे एक्सएसएलटी. एक्सपाथ कच्ची असेल तर एक्सएसएलटी कधीच नीट जमत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा.

तिच्या आधी डीएसएसएसएल नावाचं एक आयएसओ मानक होतं. ते एसजीएमएल या एक्सएमएलच्या पूर्वजाच्या दस्तऐवजांसाठी होतं आणि स्कीम या भाषेवर आधारलेलं होतं. एक्सएसएलटीतले बरेच विचार तिथून आले आहेत. कंसांची जागा टॅगांनी घेतली. यात सुधारणा झाली की नाही यावर आजही वाद घालता येतो.

ही खरी प्रोग्रॅमिंग भाषा आहे, की नुसती साच्यांची भाषा?

खरी भाषा आहे. अटी आहेत, रिकर्शन आहे, दुसऱ्या आवृत्तीपासून स्वतःची फंक्शन लिहिता येतात, तिसरीत फंक्शन दुसऱ्या फंक्शनला पुरवता येतं. संगणकाला करता येणारी कुठलीही आकडेमोड तत्त्वतः तिच्यात करता येते. म्हणून सगळीच तिच्यात करावी असं नाही.

फॉर-ईचने काम होतंय, मग टेम्प्लेटचा घोळ कशाला?

बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

दुसऱ्या भाषांमधून आलेला माणूस एक मोठा टेम्प्लेट लिहितो, त्यात फॉर-ईच हा लूप घालतो, त्याच्या आत आणखी एक फॉर-ईच, आणि व्हॅल्यू-ऑफने एकेक मजकूर उचलत जातो. इनपुट म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता असेल तर हे चालतं. इनपुट म्हणजे माणसानं लिहिलेला लेख असेल तर पहिल्याच परिच्छेदात गाडी अडते. परिच्छेदात चार शब्द साधे असतात, पाचवा ठळक, त्या ठळक शब्दाच्या आत एक दुवा, मग पुन्हा साधा मजकूर आणि शेवटी तळटीप. व्हॅल्यू-ऑफ लावलं की सगळे टॅग गळून नुसता मजकूर हाती येतो. आधी ठळक शब्दांवर आणि मग दुव्यांवर फॉर-ईच फिरवलं की क्रमच बिघडतो. काय कुठे येईल हे लेखकानं ठरवलेलं असतं, प्रोग्रॅमरनं नव्हे, आणि लूपला मात्र ते आधी माहीत असावं लागतं.

टेम्प्लेटची पद्धत उलटी आहे. 'ठळक शब्द समोर आला तर असं कर', 'दुवा आला तर तसं कर', 'तळटीप आली तर आकडा टाक' असे सुटे नियम, म्हणजेच टेम्प्लेट, तुम्ही लिहून ठेवता. मग अप्लाय-टेम्प्लेट्स म्हणून मोकळे होता. इंजिन, म्हणजे हे नियम चालवणारं सॉफ्टवेअर, दस्तऐवजाच्या झाडातून चालत जातं आणि प्रत्येक नोडला (टॅग, मजकूर अशा झाडातल्या एकेका तुकड्याला) लागू पडणारा नियम शोधतं. ठळकाच्या आत दुवा असो की दुव्याच्या आत ठळक, नियम तेच राहतात. उद्या लेखकानं नवा टॅग वापरला तर एक नवा नियम जोडायचा, जुन्यांना हात लावायचा नाही.

याच विचारातून 'मोड' येतो. एकाच शीर्षकाचं अनुक्रमणिकेत दुव्यात आणि मुख्य मजकुरात मथळ्यात रूपांतर करायचं असेल तर त्याच नोडसाठी दोन मोडमध्ये दोन नियम लिहायचे. दस्तऐवजातून दोनदा चालत जायचं, इतकंच.

फॉर-ईच वाईट नाही. तक्ते, याद्या, अहवाल यांत ते खुशाल वापरा. पण दोन हजार ओळींच्या फाइलमध्ये टेम्प्लेट एकच असेल, तर ती फाइल या भाषेशी भांडत लिहिलेली आहे असं समजा.

मी मजकूर छापायला सांगितलाच नाही, तरी आउटपुटमध्ये तो कुठून येतो?

अंगभूत नियमांमधून. तुमचा नियम सापडला नाही तर इंजिन स्वतःचे नियम लावतं. एलिमेंट (टॅग आणि त्याच्या आतला भाग) असेल तर त्याच्या आत जा. मजकूर असेल तर तो जसाच्या तसा छाप. कॉमेंट आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन सोडून दे. त्यामुळे पूर्ण रिकामी स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल) चालवली तरी दस्तऐवजातला सगळा मजकूर टॅगांविना बाहेर पडतो. नको असलेल्या एलिमेंटसाठी रिकामा टेम्प्लेट लिहा, तो भाग गप्प बसेल. सगळाच मजकूर नको असेल तर मजकुराच्या नोडसाठी रिकामा टेम्प्लेट लिहायचा.

सगळं तसंच ठेवून एकच टॅग बदलायचा आहे. पूर्ण दस्तऐवज पुन्हा लिहावा लागेल?

नाही. यासाठी 'आयडेंटिटी ट्रान्सफॉर्म' आहे: कुठलाही नोड किंवा टॅगच्या आत लिहिलेला अ‍ॅट्रिब्यूट आला तर त्याची नक्कल कर आणि आत जा, असा एक सर्वसाधारण टेम्प्लेट. त्याच्या जोडीला बदलायच्या टॅगसाठी एक खास टेम्प्लेट. जास्त नेमका नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो, त्यामुळे दोघं गुण्यागोविंदानं नांदतात. ३.० मध्ये हा सर्वसाधारण टेम्प्लेटही लिहावा लागत नाही. मोडच्या घोषणेत 'न जुळल्यास शॅलो-कॉपी' एवढं सांगितलं की झालं. या भाषेतला एकच नमुना पाठ करायचा असेल तर हा करा.

एकाच नोडला दोन टेम्प्लेट लागू पडले तर?

आधी इम्पोर्टची प्रतिष्ठा पाहिली जाते: आयात केलेल्या फाइलपेक्षा आयात करणारी वरचढ. मग प्रायॉरिटी. तुम्ही ती दिली नसेल तर नुसत्या नावाला ०, तारांकनाला उणे ०.५, आणि अट किंवा मार्ग असलेल्या नमुन्याला ०.५ मिळते. तरी बरोबरी झाली तर बहुतेक इंजिनं फाइलमध्ये शेवटी आलेला टेम्प्लेट घेतात, पण त्यावर विसंबू नका. दोन अटींचे टेम्प्लेट एकमेकांना छेदत असतील तर प्रायॉरिटी स्वतः लिहा.

माझा एक्सपाथ अगदी बरोबर आहे, तरी काहीच सापडत नाही.

नेमस्पेस (नाव कुठल्या संचातलं आहे हे सांगणारा पत्ता) बघा. दहापैकी नऊ वेळा तेच असतं, आणि उरलेल्या एका वेळी स्पेलिंग.

दस्तऐवजाच्या मूळ एलिमेंटवर उपसर्गाविना नेमस्पेस जाहीर केलेली असली की आतली सगळी एलिमेंट त्या नेमस्पेसची होतात. दिसायला नाव साधं दिसतं. पण एक्सपाथमध्ये उपसर्गाविना लिहिलेलं नाव म्हणजे 'कुठल्याही नेमस्पेसमध्ये नसलेलं' नाव. दोन्ही जुळत नाहीत, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण काहीच न सापडणं ही चूक नव्हे. अ‍ॅटम फीड, एसव्हीजी, एक्सएचटीएमएल, साइटमॅप हे सगळे या प्रकारातले.

उपाय असा: स्टाइलशीटमध्ये तीच नेमस्पेस एखादा उपसर्ग देऊन जाहीर करा आणि एक्सपाथमध्ये तो उपसर्ग लावा. उपसर्ग कुठलाही चालतो, जुळावा लागतो तो नेमस्पेसचा पत्ता, अक्षर न् अक्षर. शेवटची तिरपी रेघ राहिली तरी जुळत नाही. २.० पासून एक्सपाथची डीफॉल्ट नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये एकदाच सांगता येते. प्रत्येक पायरीवर लोकल-नेम तपासायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो चालतो, पण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणाऱ्याचे हाल होतात.

व्हेरिएबलची किंमत बदलता येत नाही? मग बेरीज कशी करू?

बदलता येत नाही, आणि ते मुद्दाम आहे. टेम्प्लेट कुठल्या क्रमानं चालतील याचं बंधन इंजिनावर नको, म्हणून. बेरजेसाठी सम, मोजणीसाठी काउंट आहेच. चालती बेरीज हवी असेल तर १.० मध्ये स्वतःलाच बोलावणारा टेम्प्लेट लिहून आतापर्यंतची रक्कम पॅरामीटरमधून पुढे द्यायची. ३.० मध्ये इटरेट आहे, ते याच कामाचं आणि वाचायला सोपं.

'इफच्या आत व्हेरिएबल केला, बाहेर तो दिसत नाही' ही तक्रार याच कुटुंबातली. व्हेरिएबल बाहेर ठेवा आणि त्याच्या आत चूज लिहा.

तारखेप्रमाणे किंवा विभागाप्रमाणे गट पाडायचे आहेत.

२.० किंवा ३.० असेल तर फॉर-ईच-ग्रुप वापरा, पाच ओळींत काम होतं.

१.० वर अडकला असाल तर 'म्यूंकियन' पद्धत शिकावी लागेल. ओरॅकलमधल्या स्टीव्ह म्यूंक यांच्या नावानं ती ओळखली जाते. 'की' जाहीर करून नोडची सूची करायची आणि त्या सूचीत प्रत्येक गटाचा पहिला नोड कोणता हे जनरेट-आयडीने ओळखायचं. पहिल्यांदा वाचताना ती मंत्रासारखी वाटते. ही युक्ती सुंदर आहे यात शंका नाही, पण इतक्या नेहमीच्या कामाला इतकी युक्ती लागावी हाच १.० मधला सर्वात मोठा दोष होता.

इंटरनेटवरची एचटीएमएल पानं थेट वाचता येतात का?

सहसा नाही. एक्सएसएलटीला सुघटित झाड लागतं आणि खरी पानं तशी नसतात: बंद न केलेले परिच्छेद, अवतरणाविना अ‍ॅट्रिब्यूट, एकमेकांत गुंतलेले टॅग. आधी एचटीएमएल समजणारा पार्सर मध्ये घाला. एचटीएमएल टायडी, टॅगसूप, किंवा एचटीएमएल५ च्या नियमांनी चालणारा कुठलाही पार्सर चालेल. तो पानाचं झाड करून देतो आणि पुढचं काम एक्सएसएलटी करते. काही पार्सर एलिमेंटना एक्सएचटीएमएलची नेमस्पेस लावतात, काही लावत नाहीत. म्हणजे पुन्हा वरचा नेमस्पेसचा प्रश्न वाचा.

तयार झालेलं पान ब्राउझरमध्ये कोरं दिसतं. फाइलमध्ये तर सगळं आहे.

स्क्रिप्ट टॅग बघा. आउटपुटची पद्धत 'एक्सएमएल' असेल तर रिकामा स्क्रिप्ट टॅग स्वतःतच मिटवून लिहिला जातो. एचटीएमएल वाचणाऱ्या ब्राउझरला तो मिटलेला वाटत नाही, आणि पुढचं अख्खं पान तो स्क्रिप्टचा भाग समजतो. आउटपुटची पद्धत 'एचटीएमएल' करा. १.० मध्ये एचटीएमएल५ चं साधं डॉक्टाइप काढता येत नाही, म्हणून डॉक्टाइप-सिस्टिममध्ये 'अबाउट:लेगसी-कॉम्पॅट' द्यायचं. अशा जुन्या साधनांची सोय म्हणूनच ते मानकात ठेवलेलं आहे.

एनबीएसपी लिहिलं की फाइलच उघडत नाही.

एक्सएमएलला स्वतःच्या पाचच एंटिटी (चिन्हांसाठीची ठरलेली नावं) माहीत असतात. न तुटणाऱ्या मोकळ्या जागेसाठीची एनबीएसपी एचटीएमएलची आहे. तिच्या जागी १६० हा अंकी संदर्भ लिहा.

कोणती आवृत्ती आणि कोणतं इंजिन घेऊ?

१.० ही १९९९ ची, २.० ही जानेवारी २००७ ची, ३.० ही जून २०१७ ची. २.० आणि ३.० चे संपादक मायकेल के, आणि सॅक्सन हे इंजिनही त्यांचंच. ४.० चा मसुदा डब्ल्यूथ्रीसीच्या एका समुदाय गटात आकार घेतो आहे.

गोची अशी की तुमच्या भाषेबरोबर फुकटात येणारं इंजिन बहुधा १.० चंच असतं. पीएचपीचं एक्सएसएल एक्स्टेन्शन आणि पायथनमधलं एलएक्सएमएल ही दोन्ही लिबएक्सएसएलटीवर चालतात, ते १.० चं. डॉटनेटमधलं १.०. जावाच्या जेडीकेत येणारं झालनचं रूपही १.०. पुढच्या आवृत्त्यांसाठी व्यवहारात सॅक्सन. त्याची 'एचई' आवृत्ती मुक्तस्रोत आहे आणि जावा, डॉटनेट, सी, पायथन, पीएचपी या सगळ्यांतून वापरता येते. ब्राउझर आणि नोड.जेएससाठी सॅक्सनजेएस आहे.

नवं काम असेल तर थेट ३.० ने सुरुवात करा. १.० शिकून मग ३.० कडे जाणं म्हणजे आधी म्यूंकियन गट शिकणं आणि मग विसरणं.

ब्राउझर एक्सएसएलटी काढून टाकताहेत म्हणे. म्हणजे भाषा संपली का?

पहिलं खरं, दुसरं नाही.

ब्राउझरांमध्ये १.० गेली वीस-बावीस वर्षं आहे आणि ती १.० च्या पुढे कधीच सरकली नाही. क्रोम आणि सफारी त्यासाठी लिबएक्सएसएलटी वापरत आले, फायरफॉक्सचं स्वतःचं इंजिन आहे. लिबएक्सएसएलटी हा सी भाषेतला जुना कोड आहे, त्यात स्मृतीशी संबंधित सुरक्षा-दोष सापडत राहिले, आणि देखभाल करणारी माणसं मूठभर. २०२५ मध्ये क्रोमच्या गटानं ही सोय काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे २०२६ च्या अखेरीस ती सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी बंद होते. यावर आरडाओरडा झाला तो मुख्यतः आरएसएस आणि अ‍ॅटम फीड वाचनीय करणाऱ्यांकडून, आणि उपकरणांच्या छोट्या नियंत्रण-पानांत एक्सएमएल वापरणाऱ्यांकडून. त्यांचं म्हणणं मला पटतं: सॅक्सनजेएससारखी लायब्ररी किंवा पॉलिफिल (काढलेल्या सोयीची उणीव भरून काढणारा कोड) घालता येईल, पण त्यासाठी चालती पानं पुन्हा उघडून बदलावी लागतात, आणि त्यातल्या कितीतरी पानांचा आज कुणी वाली नाही.

पण भाषेचं खरं घर ब्राउझर कधीच नव्हतं. तांत्रिक पुस्तिकांचं डॉकबुक, डिटा ओपन टूलकिट, जुन्या हस्तलिखितांच्या संपादनासाठीचं टीईआय, संशोधन-नियतकालिकांचं जॅट्स, आणि इलेक्ट्रॉनिक बिलं तपासणारे स्कीमाट्रॉनचे नियम या सगळ्यांच्या पोटात एक्सएसएलटी आहे, आणि ती सर्व्हरवर किंवा प्रकाशनाच्या साखळीत चालते. तिथे क्रोमचा काही संबंध नाही. तुमची फाइल ब्राउझरमध्ये चालत असेल तर रूपांतर सर्व्हरवर न्या; फाइल सहसा आहे तशीच चालते.

मोठ्या फाइलवर फार वेळ लागतो.

आधी एक्सपाथमधली दुहेरी तिरपी रेघ शोधा. टेम्प्लेटच्या आत ती असेल तर प्रत्येक नोडसाठी अख्खं झाड धुंडाळलं जातं. तिच्या जागी नेमका मार्ग लिहा, किंवा 'की' वापरा. दुसरा गुन्हेगार म्हणजे आधीची भावंडं मोजणारा एक्सपाथ: नोड दुप्पट झाले की वेळ चौपट. तिसरा स्टाइलशीटमध्ये नसतोच: प्रत्येक दस्तऐवजासाठी स्टाइलशीट नव्यानं कंपाइल केली जात असते. एकदा कंपाइल करून तीच वापरा.

स्मृतीच अपुरी पडत असेल तर गोष्ट वेगळी. पूर्ण झाड स्मृतीत उभं राहतं आणि ते मूळ फाइलच्या कित्येक पट मोठं असतं. ३.० मध्ये त्यासाठी स्ट्रीमिंग आहे, पण सॅक्सनमध्ये ते विकतच्या 'ईई' आवृत्तीतच मिळतं, आणि स्ट्रीमिंगला चालेल असा कोड लिहिणं ही स्वतंत्र साधना आहे. बहुतेकांनी आधी फाइलचे तुकडे करून पाहावेत.

देवनागरी मजकुराबाबत काही वेगळी काळजी?

तीन. स्ट्रिंग-लेंग्थ अक्षरं मोजत नाही, कोडपॉइंट (युनिकोडमधले एकेक संकेतांक) मोजते: 'क्षि' ची लांबी ४ येते. म्हणून सबस्ट्रिंगने मजकूर तोडलात तर वेलांटी किंवा अर्धं अक्षर मागे राहू शकतं. तोडायचंच तर मोकळ्या जागेवर तोडा. दुसरं, क्रम: कोडपॉइंटप्रमाणे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे येतो, त्यामुळे सूचीसाठी भाषेप्रमाणे कोलेशन (वर्णक्रम) देणारं इंजिन हवं. तिसरं, अंक: ट्रान्सलेट फंक्शनला दहा इंग्रजी आणि दहा देवनागरी अंक ओळीनं दिले की रूपांतर होतं, पण ते सर्वात शेवटी करा. देवनागरी अंकांची बेरीज इंजिन करणार नाही.

जेसन वाचता येतं का?

३.० मध्ये येतं. जेसनचं एक्सएमएलमध्ये आणि उलट रूपांतर करणारी फंक्शन आहेत, मॅप आणि अ‍ॅरेही आहेत. पण इनपुट आणि आउटपुट दोन्ही जेसन असतील तर ही भाषा कशाला आणायची?

बाहेरून आलेली स्टाइलशीट चालवणं सुरक्षित आहे का?

नाही. स्टाइलशीट म्हणजे प्रोग्रॅम. डॉक्युमेंट फंक्शन फाइल आणि पत्ते वाचू शकतं, रिझल्ट-डॉक्युमेंट फाइल लिहू शकतं, आणि काही इंजिनांत एक्स्टेन्शनमधून थेट जावाचा कोड बोलावता येतो. अनोळखी स्टाइलशीट चालवावीच लागली तर इंजिनाचा सुरक्षित मोड चालू करा, नेटवर्क आणि फाइल लिहिणं बंद करा. इनपुट बाहेरचं असेल तर पार्सरमधल्या बाहेरच्या एंटिटीही बंद ठेवा.

१.० च्या जुन्या फाइल ३.० वर न्यायच्या आहेत. नुसता आवृत्तीचा आकडा बदलू का?

बदला, पण आधी जुन्या इंजिनाचं आउटपुट जपून ठेवा आणि नव्याशी ताडून पाहा. दोन फरक गुपचूप येतात. व्हॅल्यू-ऑफला अनेक नोड दिले तर १.० फक्त पहिला छापत असे. आता सगळे छापले जातात, मध्ये मोकळी जागा टाकून. आणि १.० मध्ये दोन अ‍ॅट्रिब्यूटची लहान-मोठी तुलना नेहमी आकडे म्हणून होई, आता स्कीमा (कुठल्या टॅगात कसला डेटा हे सांगणारा आराखडा) नसेल तर ती मजकूर म्हणून होते. म्हणजे १० हे ९ पेक्षा लहान ठरतं. अशा प्रत्येक तुलनेत नंबर फंक्शन लावा. नोड-सेटची एक्स्टेन्शन आता लागत नाहीत, ती काढून टाका. म्यूंकियन गट मात्र चालत असतील तर त्यांना लगेच हात लावू नका; पुढे त्या टेम्प्लेटमध्ये काही बदलायची वेळ आली की तेव्हा फॉर-ईच-ग्रुप घाला.